तोफेचा ठाव सांगणारे कान

दिवाळीच्या पहाटे घरात अभ्यंगस्नानाची गडबड चालू असते. इतक्यात बाहेर कुठेतरी मोठा बार होतो. खिडकीशी कोणी गेलेलेही नसते, तरी आजोबा पाटावर बसल्या बसल्या सांगतात, "मागच्या आळीत उडाला हो!" आणि बहुधा ते खरेच असते. फटाका दिसला नाही, धूर दिसला नाही. केवळ आवाजावरून त्याची दिशा आणि थोडेबहुत अंतरही आजोबांनी ताडले. रोजच्या सवयीमुळे आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण हीच गोष्ट कागद, पेन्सिल आणि घड्याळ घेऊन करायला बसले तर तिच्यातून केवढे शास्त्र उभे राहते, आणि त्या शास्त्राने एका महायुद्धातील लढायांची रीत कशी बदलून टाकली, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे.

आधी आजोबांचेच गणित पाहू. आपल्या दोन कानांत अंतर ते किती? वीतभरही नाही. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी भेटतो आणि डाव्या कानाला किंचित उशिरा. हा उशीर फार झाला तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका असतो. त्याहूनही कितीतरी कमी, म्हणजे सेकंदाच्या एक लक्षांशाएवढा फरक पडला तरी आपला मेंदू तो टिपतो आणि दिशा सांगून मोकळा होतो! अंतराचे गणित त्याहून सोपे. वीज चमकली की मनात आकडे मोजू लागावे आणि गडगडाट ऐकू आला की थांबावे. तीन सेकंद झाले तर वीज एक किलोमीटरवर, सहा झाले तर दोन. प्रकाश तत्क्षणी पोहोचतो; आवाज बिचारा सेकंदाला सुमारे ३४० मीटर या चालीने मागून येतो.

शत्रूची तोफ शोधायची ती एवढ्याच भांडवलावर. मात्र या कामात दोन अडचणी असतात. एक तर तोफ टेकडीआड दडलेली असते, त्यामुळे तिचा लखलखाट दिसेलच असे नाही. आणि दुसरी अडचण अशी, की तोफ उडाली म्हणजे एक आवाज होत नाही. निरनिराळे आवाज होतात.

एका गोळीचे दोन आवाज

बंदुकीची गोळी नळीतून सुटते ती सेकंदाला सातशे-आठशे मीटर वेगाने. म्हणजे आवाजाच्या दुपटीहून अधिक. होडी वेगाने चालली म्हणजे तिच्या नाकापासून दोन्ही बाजूंना पाण्याची तिरपी लाट पसरत जाते, ती आपण पाहिलेली आहे. तशीच हवेची एक लाट या वेगवान गोळीमागे शंकूसारखी पसरते. ही लाट कानावर आदळली की चाबूक ओढल्यासारखा 'फट्' असा कोरडा, तीक्ष्ण आवाज येतो. त्यानंतर क्षणभराने येतो तो बंदुकीचा खरा बार. नळीच्या तोंडातून उसळलेल्या वायूचा तो जाड, भरीव 'धम्म' आवाज. पहिला आवाज गोळीच्या वाटेवरून येतो, बंदुकीपासून नव्हे. म्हणून नवखा शिपाई पहिला आवाज ऐकून भलतीकडेच तोंड करतो. मुरलेला शिपाई दुसऱ्या आवाजाची वाट पाहतो.

या हवेच्या लाटेचे चित्र प्रथम टिपले ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील दोघा शास्त्रज्ञांनी. प्रागचे एर्न्स्ट माख आणि फ्यूमे येथील नाविक विद्यालयातले पेटर साल्खर यांनी उडत्या गोळीची छायाचित्रे घेतली आणि १८८७ साली त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. गोळीच्या टोकापासून मागे पसरलेल्या दोन काळ्या तिरप्या रेषा त्या छायाचित्रांत स्पष्ट दिसतात. आज विमानाचा वेग 'माख एक', 'माख दोन' असा सांगतात, तो याच माखच्या नावाने.

तोफेच्या बाबतीत यात आणखी एका आवाजाची भर पडते. गोळ्याच्या लाटेचा कडाका, तोफेच्या तोंडाचा बार, आणि गोळा जिथे पडतो तिथला स्फोट! रणांगणावर अशा शेकडो तोफा एकदम उडत असतात. त्यांत बंदुका, घोडे, मोटारगाड्या आणि भुंकणारी कुत्री यांची भर. या गोंगाटातून एकाच तोफेचा बार वेचून काढायचा आणि ती तोफ नकाशावर टिंब देऊन दाखवायची! पहिल्या महायुद्धात हे काम ज्याच्यावर येऊन पडले, तो अवघा पंचवीस वर्षांचा एक तरुण होता.

पाद्र्याच्या घरचा पाहुणा

त्याचे नाव विल्यम लॉरेन्स ब्रॅग. जन्म १८९० चा, ऑस्ट्रेलियातील ॲडिलेडचा. वडील विल्यम हेन्री ब्रॅग हे नामांकित पदार्थवैज्ञानिक. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकातील अणूंची मांडणी कशी ओळखावी, हे या पितापुत्रांनी शोधून काढले होते. युद्ध सुरू झाले तेव्हा लॉरेन्स घोडेस्वार तोफखान्यात अधिकारी होता. १९१५ च्या उन्हाळ्यात त्याला बोलावणे आले. फ्रेंच लोक आवाजावरून तोफा शोधण्याचे प्रयोग करीत आहेत, त्यात काही तथ्य आहे का ते पाहून ये, अशी आज्ञा झाली.

याच सुमारास घरावर मोठा आघात झाला. त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट हाही तोफखान्यातच होता. तो तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या मोहिमेवर गेला होता. सप्टेंबरच्या आरंभी तोफगोळ्याने जबर जखमी होऊन तो मरण पावला. आणि दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरात बातमी आली, की त्या वर्षीचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक ब्रॅग पितापुत्रांना विभागून मिळाले आहे! लॉरेन्स तेव्हा बेल्जममधील एका खेड्यात पाद्र्याच्या घरी उतरला होता. त्या भल्या पाद्र्याने तळघरातून ठेवणीतली द्राक्षमद्याची बाटली काढून आणली आणि तिथेच, तोफांच्या आवाजात, त्या पारितोषिकाचा समारंभ साजरा झाला. विज्ञानातील नोबेलचा इतका तरुण मानकरी त्यानंतर आजपर्यंत दुसरा झालेला नाही. आईबापांच्या घरी मात्र त्या दिवसांत आनंद आणि शोक एकाच दारातून आत आले असतील.

फ्रान्समधून ब्रॅगने जे यंत्र आणले त्याची कल्पना दोघांची. एक खगोलशास्त्रज्ञ शार्ल नॉर्दमान, आणि दुसरा मूळचा डब्लिनचा पण पॅरिसमध्ये काम करणारा ल्यूसियँ बुल. डॉक्टर हृदयाचा कार्डिओग्राम काढतात, त्याच्या मुळाशी तारेचे एक नाजूक यंत्र आहे. लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये ताणलेली केसाएवढी तार. तिच्यातून वीज गेली की ती किंचित हलते. बुलने अशा सहा तारा शेजारी शेजारी बसविल्या आणि त्यांच्या सावल्या सरकत्या फिल्मवर पाडल्या. प्रत्येक तारेला मैदानावरचा एकेक मायक्रोफोन जोडलेला. मायक्रोफोनला आवाज ऐकू आला की त्याची रेघ फिल्मवर झटका देई. फिल्मवर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या खुणा आपोआप उमटत. म्हणजे कोणत्या मायक्रोफोनला आवाज केव्हा पोहोचला, हे फिल्म धुताच हातात येई.

युक्ती नामी होती, पण यंत्र काही चालेना! त्या काळचे मायक्रोफोन माणसाच्या बोलण्यासाठी बनविलेले. ते बंदुकीच्या आवाजाला, गाडीच्या खडखडाटाला, कुत्र्याच्या भुंकण्याला आणि गोळ्याच्या कडाक्याला लगेच जागत. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या तोफेच्या बाराला मात्र ते जवळजवळ बहिरे होते.

शौचकूपातील साक्षात्कार

थोर शोधांच्या कथा झाडाखाली किंवा स्नानगृहात घडतात असे आपण ऐकतो. या शोधाची जागा त्याहूनही साधी आहे. ब्रॅग राहत होता त्या घरचा संडास सर्व बाजूंनी बंद होता. बाहेरच्या हवेशी त्याचा संबंध काय तो बैठकीखालच्या नळाचा. जवळच इंग्रजांची एक सहा इंची तोफ होती. ती उडाली, की बैठकीवर बसलेला ब्रॅग चक्क किंचित वर उचलला जाई! कानांना फारसे ऐकू येत नसे, पण शरीराला धक्का जाणवे. पुढे गोळ्यांचे कानठळ्या बसविणारे कडाके होत, तेव्हा मात्र असे काहीच होत नसे. ब्रॅगने यातून नेमके अनुमान काढले. तोफेच्या बाराबरोबर हवेचा एक मोठा, मंद हेलकावा निघतो. तो इतका मंद, की कानाला तो आवाज वाटतच नाही. पकडायचा तो हा हेलकावा. कानाला ऐकू येणारा आवाज नव्हे.

पण पकडायचा कसा? याचे उत्तर एका कॉर्पोरलने दिले. विल्यम टकर हा लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून आलेला. तापलेली बारीक तार हवेच्या झुळकेने कशी निवते, याचा त्याने आधीच अभ्यास केलेला होता. डांबरी कागदाच्या झोपडीत त्याचे अंथरूण भिंतीला लागून होते आणि भिंतीला तिथे भोके पडली होती. तोफ उडाली की त्या भोकांतून गार हवेची फुंकर त्याच्या तोंडावर येई. टकरच्या मनात आले, ही फुंकर तारेला का निववणार नाही?

इंग्लंडहून प्लॅटिनमची अतिसूक्ष्म तार मागविली गेली. दारूगोळ्याची एक रिकामी पेटी घेतली, तिला एक भोक पाडले, भोकावर तार ताणली आणि विजेने ती तापवली. तोफेचा हेलकावा आला की पेटीच्या भोकातून हवा आत-बाहेर होई, तार निवे, आणि तार निवली की तिच्यातून वाहणाऱ्या विजेत फरक पडे. १९१६ च्या मध्यास पहिला प्रयोग झाला. फिल्मवर बंदुकीचा पत्ता नाही, कुत्र्याचा पत्ता नाही, गोळ्याच्या कडाक्याची जेमतेम थरथर. आणि तोफेचा बार मात्र ठसठशीत! एका रिकाम्या पेटीने सारा प्रश्न सोडविला.

मॅट्रिकची भूमिती कामी आली

आता नकाशावर टिंब कसे पडते ते पाहू. समजा, एक किलोमीटर अंतरावर दोन मायक्रोफोन ठेवले. दोघांना आवाज एकाच क्षणी पोहोचला तर तोफ दोघांपासून सारख्याच अंतरावर, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या लंबदुभाजकावर कुठेतरी आहे. हे शाळेतील मुलेही सांगतील. पण एकाला आवाज एक सेकंद उशिरा पोहोचला तर? तर तोफ त्याच्यापासून दुसऱ्यापेक्षा ३४० मीटर अधिक दूर आहे. अशा सर्व बिंदूंना जोडले की एक वक्ररेषा निघते; भूमितीत तिला अपास्त म्हणतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या मायक्रोफोनच्या फरकावरून आणखी एक वक्ररेषा निघते. दोन वक्ररेषा जिथे छेदतील तिथे तोफ! सहा मायक्रोफोन असले की पाच रेषा मिळतात, आणि त्या एका ठिकाणी जुळल्या की उत्तराची खात्री पटते.

प्रत्यक्षात सुमारे आठ किलोमीटरच्या कमानीवर हे सहा मायक्रोफोन मांडलेले असत. त्यांच्या पुढे, शत्रूच्या अधिक जवळ, एक शिपाई खंदकात बटण घेऊन बसे. तोफेचा आवाज त्याच्या कानी आला की तो बटण दाबी आणि मागे मैलोगणती दूर असलेले यंत्र सुरू होई. मग आवाज मायक्रोफोनपर्यंत पोहोचायचा. फिल्म धुवायची, फरक वाचायचे, फळ्यावर लावलेल्या नकाशावर दोरे ताणायचे आणि दोरे जिथे जुळतील त्या जागेची खबर टेलिफोनवरून आपल्या तोफखान्याला द्यायची. हे सारे काही मिनिटांत उरके. दहा किलोमीटरवरची तोफ बऱ्या हवेत साधारण पन्नास यार्डांच्या आत सापडे. फिल्मवरून तोफ किती मोठी आहे आणि ती कोणावर मारा करीत आहे हेही समजे.

वाचकहो, हे लिहायला जितके सोपे आहे तितके करायला नव्हते. मायक्रोफोनच्या तारा मैलोगणती उघड्या जमिनीवरून गेलेल्या असत. गोळे पडत, तारा तुटत, आणि रात्री-अपरात्री चिखलातून सरपटत जाऊन त्या जोडायला माणसे लागत. शिवाय हवा ही मोठी लहरी बाई! उष्णता एका अंशाने वाढली की आवाजाची चाल सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढते. वारा मागून असला तर आवाज लवकर येतो, समोरून असला तर उशिरा. त्यासाठी आघाडीच्या मागे ठराविक जागी मुद्दाम स्फोट करून, आज हवा आवाजाला किती खेचते आहे याचे माप रोज घ्यावे लागे. त्यातून फ्लँडर्समध्ये वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे इंग्रजांकडून जर्मनांकडे वाहणारा. समोरच्या वाऱ्याने शत्रूच्या तोफांचा आवाज वर उचलला जाऊन डोक्यावरून निघून जाई. म्हणून धुक्याचे निवांत दिवस या लोकांना सर्वांत आवडीचे! विमानातल्या टेहळ्याला धुक्यात काही दिसत नसे, पण यांच्या पेट्यांना उत्तम ऐकू येई.

पलीकडे जर्मनांकडेही हेच चालले होते. मात्र त्यांचा भर पुष्कळ काळ स्टॉपवॉच घेतलेल्या माणसांवर होता. माणूस कितीही दक्ष असला तरी आवाज ऐकून बोट दाबीपर्यंत सेकंदाचा दहावा भाग इकडे तिकडे होतोच, आणि तेवढ्यात आवाज ३४ मीटर पुढे गेलेला असतो. बर्लिनमध्ये या गणितावर बसलेल्या तरुणांत माक्स बॉर्न हा होता. पुंजवादातील कामगिरीबद्दल त्यालाही पुढे १९५४ साली नोबेल मिळाले. हिटलरच्या राजवटीत देश सोडावा लागल्यावर १९३५-३६ साली सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून तो बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत काही महिने येऊन राहिला होता. ज्या दोन डोक्यांनी जगाला अणूचे अंतरंग दाखवावे, ती दोन डोकी तेव्हा एकमेकांच्या तोफा मोजीत बसली होती!

न बोलता केलेला हल्ला

या विद्येचा खरा उपयोग १९१७ च्या नोव्हेंबरात काम्ब्रेच्या लढाईत दिसला. तोवरची रीत अशी, की हल्ल्यापूर्वी आपल्या तोफांनी आधी दोन-चार नेमाचे गोळे टाकायचे, नेम बसला का ते पाहायचे, आणि मग दिवसचे दिवस भडिमार करायचा. त्यामुळे शत्रूला आमंत्रणपत्रिकाच गेल्यासारखे होई. काम्ब्रेला इंग्रजांनी सुमारे एक हजार तोफा गुपचूप आणून ठेवल्या, पण एकही नेमाचा गोळा टाकला नाही. शत्रूच्या कित्येक तोफांची ठिकाणे आवाजावरून आणि लखलखाटावरून नकाशावर आधीच मांडलेली होती. २० नोव्हेंबरच्या सकाळी सर्व तोफा एकदम उडाल्या आणि रणगाडे पुढे सरकले. शत्रू पूर्ण बेसावध सापडला. तो विजय टिकला नाही. दहा दिवसांनी जर्मनांनी उलट हल्ला करून बराच मुलूख परत घेतला. पण रीत बदलली ती बदललीच. ८ ऑगस्ट १९१८ रोजी आमियाँच्या लढाईला तोंड लागले, तेव्हा समोरच्या ५३० जर्मन तोफांपैकी ५०४ तोफांचा ठाव आधीच लागलेला होता.

शत्रूची तोफ गप्प बसली म्हणजे आपल्या खंदकातील कित्येक पोरांचे प्राण वाचत. पण त्या टिंबावर गोळा पडला म्हणजे तिथलीही पोरे मरत. तोफगोळ्याने भाऊ गमावलेल्या ब्रॅगला हा हिशेब दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

धरणीचे कान

आवाज हवेतून जातो तसा जमिनीतूनही जातो, आणि बहुधा अधिक वेगाने. कठीण खडकात त्याची चाल सेकंदाला पाच किलोमीटरच्याही वर जाते. हे ज्ञान फार जुने आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने बार्का शहराच्या वेढ्याची गोष्ट सांगितली आहे. इराणी सैन्य तटाखालून भुयार खणीत होते. तेव्हा गावातील एका तांबटाने काशाची ढाल घेऊन तटाच्या कडेकडेने ती जमिनीला टेकवीत फेरी मारली. जिथे खाली खणणे चालू होते तिथे ढाल घुमू लागली!

पहिल्या महायुद्धात त्या तांबटाचे काम फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ पेरँ यांच्या 'जिओफोन'ने केले. लाकडी डबीत अभ्रकाच्या दोन पातळ चकत्यांमध्ये पारा भरलेला आणि वर डॉक्टरांच्यासारख्या कानात घालायच्या नळ्या. डबी भुयाराच्या जमिनीवर ठेवली की शत्रूच्या कुदळीचा घाव दुरूनही कळे. दोन्ही बाजूंची माणसे जमिनीखाली श्वास रोखून एकमेकांची चाहूल घेत बसत. ७ जून १९१७ रोजी मेसीनच्या टेकडीखाली इंग्रजांनी १९ प्रचंड सुरुंग उडविले. ते सुरुंग उडेपर्यंत जी मूक लढाई झाली, ती अशा नळ्या कानाला लावूनच झाली.

तोफ उडाली म्हणजे ती मागे रेटा देते आणि जमीन हादरते. तो हादरा जमिनीतून लवकर येतो आणि बार हवेतून सावकाश. समजा, एखाद्या जमिनीत हादऱ्याची चाल सेकंदाला १७०० मीटर आहे आणि तोफ ३४०० मीटरवर आहे. हादरा दोन सेकंदांत येईल, बार दहा सेकंदांत. मधले आठ सेकंद मोजले की एकाच ठिकाणी बसून अंतर कळते. पण इथे एक मेख आहे. जमीन काही हवेसारखी एकजिनसी नसते. कुठे चिकणमाती, कुठे वाळू, कुठे खडक, कुठे पाणी. प्रत्येकात हादऱ्याची चाल निराळी. बंदुकीच्या गोळीचा हादरा तर थोड्याच अंतरात मातीत विरून जातो. म्हणून तोफा शोधण्याच्या कामात जमिनीपेक्षा हवाच अधिक इमानी ठरली.

परंतु एकाला जी अडचण वाटते, तीच दुसऱ्याला खाण सापडल्यासारखी वाटते. लुडगर मिन्ट्रॉप नावाचा एक जर्मन भूमापक होता. युद्धापूर्वी, १९०८ साली, गटिंगेनला चार टनांचा पोलादी गोळा चौदा मीटर उंचीवरून जमिनीवर टाकून त्याने त्याचे हादरे मोजले होते. युद्धात भूकंपमापक यंत्रे घेऊन तो शत्रूच्या तोफा शोधू लागला. जमिनीचा थर बदलला की उत्तर चुकते, हे त्याला पदोपदी दिसले. मग त्याने गणितच उलटे केले. तोफ कुठे आहे हे माहीत असेल, तर तिच्या हादऱ्यावरून जमिनीच्या पोटात काय आहे हे का कळू नये? १९१९ साली त्याने या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९२१ साली कंपनी काढली, आणि १९२४ साली तिच्या लोकांनी अमेरिकेत टेक्ससमध्ये जमिनीखाली दडलेला मिठाचा घुमट हुडकून काढला. अशा घुमटांच्या कडेला खनिज तेल साचलेले असते.

याच विद्येची पुढची पिढी आपल्या दाराशी आली. १९६० नंतरच्या दशकात रशियन जहाजाने आपल्या पश्चिम समुद्रात अशीच कंपने सोडून तळाखालच्या थरांची पाहणी केली, आणि १९७४ साली 'सागर सम्राट'ने मुंबईपासून दीडशेहून अधिक किलोमीटरवर भर समुद्रात विहीर खणली तेव्हा तेल लागले. त्या 'बॉम्बे हाय'चा वायू उरणला येतो आणि त्यातून स्वयंपाकाचा गॅसही निघतो. या दिवाळीच्या चकल्या ज्या शेगडीवर तळल्या, तिच्या निळ्या ज्योतीमागे तोफा शोधणाऱ्या एका भूमापकाची ही उलटी युक्ती असण्याचा संभव आहे, हे गृहिणींनी लक्षात ठेवावे!

यंत्राची साक्ष

आज हे काम रडार करते. पण रडार स्वतः लहरी सोडते, म्हणून शत्रूला त्याचाही ठाव लागतो. ऐकणारा मात्र कोणाला दिसत नाही. त्यामुळे ऐकण्याची विद्या मागे पडली असे कोणी समजू नये. युक्रेनच्या युद्धात खांबांवर बसविलेल्या हजारो मायक्रोफोनांचे जाळे शत्रूच्या विमानी बॉम्बची घरघर ऐकून त्यांची वाट सांगत आले आहे.

रणांगणावरून ही विद्या शहरात आणि न्यायाच्या दारात आली, तेव्हा मात्र तिची कसोटी लागली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे हत्या झाली. त्या वेळी पोलिसांच्या एका मोटारसायकलीवरील मायक्रोफोन चुकून चालूच राहिला होता, आणि त्याचे ध्वनिमुद्रण पोलीस कचेरीत झाले होते. १९७८ साली संसदेच्या समितीने त्यातील ठोक्यांची तपासणी करविली. त्याच चौकात बंदुका उडवून प्रतिध्वनी मोजण्यात आले. तज्ज्ञांनी सांगितले, की दुसऱ्या दिशेने आणखी एक गोळी झाडली गेल्याचा संभव शेकडा ९५ आहे. या साक्षीवर विसंबून, हा बहुधा कट असावा, असा निष्कर्ष समितीने काढला.

नंतर त्या ध्वनिमुद्रणाची एक तबकडी एका मासिकाबरोबर वाटली गेली. ओहायोतील एका तरुण ढोलवादकाने ती पुनःपुन्हा ऐकली. त्याच्या कानांना ठोक्यांच्या जागीच एक पुसटसे बोलणे ऐकू आले. ते शब्द तर हत्येनंतरच्या धावपळीत दुसऱ्या वायरलेसवर उच्चारले गेले होते! राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने १९८२ साली तपासून निर्णय दिला, की ते ठोके हत्येनंतर सुमारे एक मिनिटाने झालेले आहेत. ते बंदुकीचे नव्हेतच. गणितात चूक नव्हती. पण ज्या आवाजाचे गणित केले, तो आवाज बंदुकीचाच आहे हे आधी सिद्ध व्हायला हवे होते.

हाच प्रश्न आज अमेरिकेतील शहरांपुढे आहे. तिथे खांबांवर आणि गच्च्यांवर मायक्रोफोन बसवून, गोळी झाडली गेली की पोलिसांना क्षणार्धात जागा कळविणारी यंत्रणा पुष्कळ ठिकाणी आहे. शिकागोच्या महानिरीक्षकांनी २०२१ साली सुमारे ५० हजार इशाऱ्यांचा हिशेब तपासला. त्यांत शंभरांतून नऊ ठिकाणीच बंदुकीच्या गुन्ह्याचा पुरावा हाती लागला होता. यंत्रवाल्यांचे म्हणणे, पुरावा मिळाला नाही म्हणजे गोळी झाडलीच नाही असे होत नाही. हेही खरे. पण गोळी झाडली आहे असे धरून, पिस्तुले सावरीत पोलीस एखाद्या गल्लीत शिरतात, तेव्हा त्या गल्लीत सहज उभ्या असलेल्या माणसाचे काय? शिकागोने २०२४ साली ही यंत्रणा बंद केली. फटाका आणि पिस्तूल यांतला फरक ओळखणे यंत्राला अजूनही जड जाते. आपल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री ही यंत्रणा गिरगावात किंवा सदाशिव पेठेत बसविली, तर पोलिसांना रात्रभर पळावे लागेल!

शेवटची फिल्म

युद्ध संपल्यावर ब्रॅग आपल्या स्फटिकांकडे परतला. पुढे तो केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचा प्रमुख झाला, आणि तो तिथे असतानाच १९५३ साली क्रिक आणि वॉटसन यांनी डी.एन.ए.ची रचना उलगडली. टकर आवाजाच्याच मागे राहिला. केंटच्या किनाऱ्यावर विमानांचा आवाज झेलण्यासाठी त्याच्या देखरेखीखाली काँक्रीटच्या प्रचंड भिंती उभ्या राहिल्या. त्यांतली एक तर दोनशे फूट लांबीची आहे. रडारने त्या निरुपयोगी केल्या, पण समुद्राकडे कान लावून त्या अजूनही उभ्या आहेत.

आणि युद्धाचा शेवटही या यंत्राने टिपून ठेवला. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकरा वाजता युद्धबंदी व्हायची होती. मोझेल नदीजवळ अमेरिकन सैन्याचे असेच एक ठाणे फिल्म फिरवीत बसले होते. त्या फिल्मचे दोन तुकडे फरक नीट दिसावा म्हणून शेजारी शेजारी लावून युद्धानंतर छापण्यात आले. डावीकडे अकराला एक मिनिट असतानाचा तुकडा. साऱ्या रेघा वेड्यावाकड्या, करवतीच्या दात्यांसारख्या. शेवटच्या घटकेपर्यंत तोफा चालूच होत्या. उजवीकडे अकरानंतरच्या एका मिनिटाचा तुकडा. साऱ्या रेघा सरळ, वहीतल्या ओळींसारख्या.

फक्त एका रेघेवर दोन लहानसे झटके आहेत. चित्राखाली त्यांचा खुलासा दिलेला आहे: एका अमेरिकन शिपायाने आनंदाच्या भरात, मायक्रोफोनच्या अगदी जवळ, आपले पिस्तूल बहुधा दोनदा उडविले असावे.